लवणस्तंभांतील ऑक्सिजन आणि मोसमी पावसाचा जुना हिशेब

पर्जन्यमापी (धागाकर्ता)

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने संकलित केलेली अखिल भारतीय मोसमी पावसाची मालिका १८७१ पासून सुरू होते. १८७७, १८९९, १९१८, १९७२ ही सारी वाईट वर्षे तिच्यात आहेत, परंतु एका प्रश्नाचे उत्तर तिच्यात सापडत नाही : मोसमी पाऊस सलग वीस-तीस वर्षे कमजोर राहू शकतो का? दीडशे वर्षांत तसे घडलेले नाही, आणि आपली धरणे, पीकपद्धती, पाणीवाटप हे सारे बऱ्याच अंशी याच दीडशे वर्षांच्या आकड्यांवर बेतलेले आहे. त्यामागच्या काळाविषयी आज जे काही ठामपणे सांगता येते, त्यातला मोठा भाग चुनखडीच्या गुहांमधील लवणस्तंभांनी दिलेला आहे, आणि मराठीत त्याविषयी फारसे लिहिले गेलेले नसल्यामुळे हा धागा काढत आहे.

प्रक्रिया अशी. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना मुळे आणि सूक्ष्मजीव यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते व किंचित आम्लधर्मी होते. ते पाणी चुनखडीचा खडक विरघळवत खाली उतरते. गुहेच्या हवेत हा वायू कमी असल्यामुळे छतावरून टपकणाऱ्या थेंबातून तो निसटतो आणि विरघळलेला चुना कॅल्साइटच्या रूपाने बाहेर पडतो. जमिनीवरून वर वाढणाऱ्या लवणस्तंभाची वाढ वर्षाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागापासून क्वचित एक मिलिमीटरपर्यंत असते. त्या प्रत्येक थरातल्या ऑक्सिजनवर ज्या पाण्यातून तो थर साचला त्या पाण्याची खूण राहते.

खूण कसली, तर वस्तुमानाची. ऑक्सिजनच्या दर हजार अणूंमागे साधारण दोन अणू १८ वस्तुमानांकाचे असतात आणि उरलेले जवळजवळ सगळे १६ वस्तुमानांकाचे. जड ऑक्सिजन असलेला पाण्याचा रेणू वाफ होताना मागे रेंगाळतो आणि ढगातून पाऊस होताना आधी खाली येतो. त्यामुळे एखादी मोठी पर्जन्यप्रणाली समुद्रावरून निघून वाटेत भरपूर पाऊस पाडत आली, की तिच्यात उरलेली वाफ उत्तरोत्तर हलकी होत जाते. उष्ण कटिबंधात जोरदार पावसाच्या महिन्यांचे पाणी हलके आणि कमजोर महिन्यांचे तुलनेने जड असते, हा संबंध विली डान्सगार्ड यांनी १९६४ मध्ये जगभरच्या पावसाच्या नमुन्यांवरून मांडला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था १९६१ पासून असे नमुने गोळा करत आली आहे आणि तिच्या जुन्या केंद्रांमध्ये दिल्ली व मुंबई ही दोन्ही आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. छत्तीसगडमध्ये जगदलपूरजवळ कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे. तिथल्या एका लवणस्तंभावरून आशिष सिन्हा आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये इ. स. ६०० ते १५०० या नऊशे वर्षांचा आलेख प्रसिद्ध केला. हा प्रदेश मोसमी पावसाच्या गाभ्यात मोडतो, म्हणजे मध्य भारतात पाऊस चांगला की वाईट याचे प्रतिबिंब इथे बऱ्यापैकी पडते. त्या आलेखात चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत ऑक्सिजन वारंवार जडपणाकडे झुकलेला दिसतो, आणि हे झुकणे एक-दोन वर्षांचे नसून कित्येक वर्षे ते दशके टिकणारे आहे. वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे : मोसमी पाऊस दीर्घकाळ कमजोर राहू शकतो, आणि तो राहिलेला आहे.

मात्र या आलेखांवरून "अमुक साली अमुक मिलिमीटर पाऊस पडला" अशी विधाने वृत्तपत्रांतून केली जातात, ती मला मान्य नाहीत. लवणस्तंभ पर्जन्यमापकाचे काम करत नाही. तो नेमके काय मोजतो, यावर इथे चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

रसायनवर्ग

लेख आवडला. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे एक शंका लगेच मनात आली. कॅल्साइट साचताना पाणी आणि खनिज यांच्यात जड-हलक्या ऑक्सिजनची जी वाटणी होते ती तापमानावर अवलंबून असते. हॅरल्ड युरी यांनी १९४७ मध्ये याच तत्त्वावर प्राचीन समुद्राचे तापमान काढण्याची कल्पना मांडली होती. मग गुहेतला ऑक्सिजन जड झाला याचा अर्थ पाऊस कमी झाला असा न घेता, हवा थंड झाली असा का घेऊ नये?

पर्जन्यमापी

शंका रास्त आहे आणि सुरुवातीच्या संशोधकांचा भरही तापमानावरच होता. ख्रिस हेंडी आणि विल्सन यांनी १९६८ मध्ये न्यूझीलंडमधील गुहांवर जे काम प्रसिद्ध केले, त्यात तापमानाचाच शोध होता. परंतु आपल्याकडे आकडेच निर्णय देतात. गुहेचे तापमान वर्षभर जवळपास स्थिर असते व ते बाहेरच्या वार्षिक सरासरीइतके असते. तापमान एक अंश सेल्सिअसने घटले तर कॅल्साइटमधील जड ऑक्सिजनचे प्रमाण हजारी सुमारे ०.२ ने वाढते. गेल्या दोन हजार वर्षांत मध्य भारताचे सरासरी तापमान फार तर अंशभर इकडेतिकडे झाले असेल. म्हणजे तापमानाच्या वाट्याला ०.२ च्या आसपासचा बदल येतो, आणि लवणस्तंभांत दिसणारे चढउतार हजारी एक किंवा त्याहून अधिक असतात. उरलेला बदल पावसाच्या पाण्यातूनच आलेला असला पाहिजे. हिमयुगापर्यंत मागे गेलो तर मात्र तापमान आणि समुद्राच्या पाण्याची बदललेली घडण या दोहोंचा हिशेब वजा करावा लागतो.

समस्थानिक

मी काही वर्षे समस्थानिकांच्या, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंच्या, प्रयोगशाळेत काम केले आहे. प्रत्यक्ष मोजमाप कसे होते हे लिहिल्यास चर्चेला उपयोग होईल असे वाटते.

लवणस्तंभ हिऱ्याच्या करवतीने उभा चिरतात आणि कापलेली बाजू घासून गुळगुळीत करतात. मग आतले थर स्पष्ट दिसतात : काही दुधी, काही मधासारखे पारदर्शक, आणि पूर किंवा गाळ येऊन गेला असेल तिथे एखादी तपकिरी रेघ. टोकापासून बुडापर्यंत वाढीचा जो मधला अक्ष असतो त्यावर दंतवैद्याच्या ड्रिलसारख्या बारीक टोकाने एकेक ठिपका कोरतात. चांगल्या यंत्रावर दोन ठिपक्यांतले अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत खाली आणता येते. प्रत्येक ठिपक्यातून निघणारी भुकटी साधारण शंभर मायक्रोग्रॅम भरते, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकी. कागदावर घेताना श्वास रोखून धरावा लागतो, आणि एका नमुन्याची भुकटी दुसऱ्यात मिसळू नये म्हणून दर वेळी ड्रिलचे टोक व पृष्ठभाग साफ करावा लागतो. ही भुकटी साधारण ७० अंशांवर फॉस्फोरिक आम्लात टाकली की कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो वस्तुमान-वर्णपटमापकात ४४, ४५, ४६ या वस्तुमानांना मोजला जातो. अचूकता हजारी ०.१ किंवा त्याहून चांगली मिळते.

खरी अडचण वयाची. पाण्यात युरेनियम विरघळते, थोरियम जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे नवा थर साचतो तेव्हा त्यात युरेनियम असते पण थोरियम-२३० नसते, आणि पुढे किरणोत्सर्गाने ते ठरावीक गतीने साचत जाते. थोरियम-२३० चा अर्धायुकाल सुमारे ७५,६०० वर्षे आहे, म्हणून ही पद्धत सहा लाख वर्षांच्या थोडे पलीकडेपर्यंत चालते. कार्बन-१४ ची मर्यादा पन्नास-पंचावन्न हजार वर्षांवर संपते हे लक्षात घेतले की या पद्धतीचे महत्त्व कळते. चीनमधील नानजिंगजवळच्या हुलू गुहेचा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला आलेख गाजला तो याच कारणामुळे : ग्रीनलंडच्या बर्फात दिसणारे हिमयुगातील हवामानाचे अचानक झटके तिथे स्वतंत्र व नेमक्या तारखांसह सापडले.

पण वयासाठी लागणारी भुकटी समस्थानिकांच्या मोजणीपेक्षा कितीतरी जास्त असते आणि खर्चही. त्यामुळे ऑक्सिजनची मोजमापे शेकड्यांनी असतात, तारखा मात्र दहा-वीस. दोन तारखांमधले वय वाढीचा वेग सारखा होता असे धरून काढलेले असते. थरांत माती मिसळलेली असेल तर बाहेरचे थोरियम आत आलेले असते आणि तारखेची अनिश्चितता वाढते. कोणताही आलेख पाहताना रेषेकडे पाहण्याआधी तिच्याखाली तारखांचे किती ठिपके आहेत ते पाहावे, असा माझा आग्रह आहे.

मोडीवाचक

धागाकर्त्यांनी चौदावे-पंधरावे शतक असे म्हटले, त्याबरोबर महाराष्ट्राच्या इतिहासाच्या वाचकाला दुर्गादेवीचा दुष्काळ आठवल्यावाचून राहणार नाही. परंपरेने तो १३९६ च्या सुमारास सुरू झाला व बारा वर्षे चालला असे मानले जाते. ग्रँट डफने १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याचे वर्णन आहे : मुलूख ओसाड पडला, किल्ले स्थानिक नायकांच्या व लुटारूंच्या हाती गेले आणि पुढची तीस-एक वर्षे वसूल नाममात्रच येत राहिला. बहामनी दरबाराने वसाहत पुन्हा बसवण्यासाठी दादो नरसो काळे यांची नेमणूक केली तेव्हा गावांच्या जुन्या सीमाही कोणाला सांगता येईनात. पहिल्या वर्षी सारा माफ आणि दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे तोबराभर धान्य, अशा अटींवर रयत बोलावली गेली.

हा तपशील मला फार बोलका वाटतो, कारण एक-दोन वर्षांच्या अवर्षणाने गावांच्या सीमा विस्मरणात जात नाहीत. तरीही दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. पहिली, ग्रँट डफ हे लिहीत होता ते घटनेनंतर चारशे वर्षांनी. दुसरी, दंडकचा आलेख प्रसिद्ध करताना संशोधकांनीही या दुष्काळाचा उल्लेख केला आहे, आणि आता इतिहासाचे लोक गुहेचा दाखला देतात व गुहेचे लोक इतिहासाचा. दोन्ही पुरावे एकमेकांच्या आधाराने उभे राहिले तर त्यांना स्वतंत्र पुरावे म्हणता येणार नाही. तसेच मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी ज्या दुष्काळात सरकारी कोठारे खुली केली, तो पंधराव्या शतकाच्या मध्याचा दुष्काळ दंडकच्या आलेखात वेगळा ओळखता येतो का?

पर्जन्यमापी

माझ्या मते ओळखता येणार नाही, आणि त्याची कारणे गुहेच्या छतातच आहेत.

पावसाचे पाणी पडल्यावर लगेच टपकत नाही. खडकाच्या भेगांत ते काही महिने, कित्येकदा काही वर्षे रेंगाळते आणि आधीच्या पाण्यात मिसळते. त्यामुळे थेंबात येते ते अनेक पावसाळ्यांचे सरासरी पाणी. त्या सरासरीतही चांगल्या पावसाच्या वर्षाचा वाटा मोठा आणि दुष्काळी वर्षाचा लहान असतो, कारण दुष्काळात मुळात पाणी झिरपतेच कमी. म्हणून १९७२ सारखे एकाकी वाईट वर्ष लवणस्तंभात जवळपास पुसले जाते. दामाजीपंतांचा दुष्काळ दोन-तीन वर्षांचा असेल तर त्याचेही तेच होईल. बारा वर्षे टिकलेली तूट मात्र उमटेल.

याहून गंभीर गोष्ट अशी, की दुष्काळ फारच तीव्र झाला तर थेंब टपकणेच थांबते आणि वाढ खंडित होते. ज्या वर्षांची नोंद सर्वाधिक हवी, नेमकी तीच वर्षे थरांत नसतात. अशी जागा कधी रेघेच्या रूपाने दिसते, कधी दिसतही नाही, आणि तिथे तारखा नसतील तर आलेख ती दरी गुपचूप सांधून टाकतो. समस्थानिक यांनी तारखांच्या ठिपक्यांविषयी लिहिले ते म्हणूनच मोलाचे आहे.

पुराव्यांच्या स्वातंत्र्याविषयी मोडीवाचक यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. दंडकच्या थरांची वये थोरियमवरून निघालेली आहेत, दुर्गादेवीच्या दुष्काळावरून जुळवलेली नाहीत, एवढी मात्र नोंद असावी.

सोहराचा पाऊस

नोकरीनिमित्त मी शिलाँगला राहिलो आहे आणि सोहराजवळची मॉमलूह गुहा पाहिली आहे. सोहरा म्हणजे आपण शाळेत शिकलेली चेरापुंजी. या गुहेतल्या एका लवणस्तंभाला जगात वेगळाच मान आहे. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय भूशास्त्र संघटनेने गेल्या ११,७०० वर्षांच्या होलोसीन कालखंडाचे तीन भाग मान्य केले. त्यातल्या शेवटच्या भागाचे नाव मेघालयी काळ, आणि त्याची सुरुवात या स्तंभातील ऑक्सिजनच्या बदलावरून, इ. स. २००० पूर्वी ४,२५० वर्षे या बिंदूला निश्चित झाली. आधीच्या दोन भागांच्या सीमा ग्रीनलंडच्या बर्फात आहेत. आपण आज ज्या भूशास्त्रीय काळात जगतो त्याची खूण मेघालयातल्या एका लवणस्तंभात आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

म्हणूनच त्यावरचे आक्षेपही इथे मांडतो. ब्रायटनबाख आणि सहकाऱ्यांनी मेघालयात पडणारा पाऊस गोळा करून त्यातला ऑक्सिजन मोजला आणि निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध केले. तिथे सर्वांत हलके पाणी ऐन पावसाच्या महिन्यांत पडत नाही, ते पावसाळ्याच्या अखेरीस पडते. कारण असे, की गंगा-ब्रह्मपुत्रेचे पुराचे हलके पाणी बंगालच्या उपसागराच्या पृष्ठभागावर पसरते आणि तिथून उठणारी वाफच मुळात हलकी होते. म्हणजे सोहरात किती पाऊस पडला यापेक्षा वाफ कुठून आली, हे तिथला ऑक्सिजन अधिक सांगतो.

त्यात आणखी एक गुंता आहे. मोसमी पावसात खंड पडतो तेव्हा पावसाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो. मध्य भारत कोरडा पडतो आणि ईशान्येत पाऊस वाढतो. मग मेघालयातल्या गुहेवरून महाराष्ट्राच्या किंवा सिंधू खोऱ्याच्या पावसाविषयी काय म्हणावे?

पर्जन्यमापी

या धाग्यातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद आहे असे मी मानतो, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

केरळात पडणाऱ्या पावसावर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही असेच आढळले : त्या ठिकाणी किती पाऊस पडला यापेक्षा आजूबाजूच्या विस्तृत प्रदेशात ढगांची संघटित उलाढाल किती जोरदार होती, यावर पाण्याचे हलकेपण ठरते. चीनच्या गुहांबाबत तर हा वाद दशकाहून अधिक काळ चालू आहे. तिथल्या ऑक्सिजनचे बदल चीनमधल्या पावसाचे नसून, वाफ वाटेत भारतावर आणि हिंदी महासागरावर जो पाऊस पाडून आली त्याचे आहेत, असे २०११ मध्ये हवामानाची संगणकी प्रतिमाने करणाऱ्या काहींनी दाखवले. माझी धारणा अशी झाली आहे की लवणस्तंभातला ऑक्सिजन वाफेच्या संपूर्ण प्रवासाची गोळाबेरीज सांगतो. स्थानिक पावसाचा आकडा त्या प्रवासाचा शेवटचा टप्पा असतो, आणि दंडकसारख्या ठिकाणी तो टप्पा व संपूर्ण प्रवास बऱ्यापैकी एका सुरात चालतात, सोहरात तसे चालत नाहीत.

याचा अर्थ मॉमलूह निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. उलट वाफेचे मोठे प्रवाह बदलले की तिथे स्पष्ट नोंद होते. प्रश्न फक्त त्या नोंदीला "पाऊस" हे नाव देण्याचा आहे. त्याच गुहेतल्या अधिक दाट तारखांच्या स्तंभांवर गायत्री कठायत आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये काम केले. त्यांना मेघालयी काळाच्या सीमेवरची, म्हणजे सुमारे ४,२०० वर्षांपूर्वीची, घटना शतकानुशतके चाललेला एकसलग दुष्काळ म्हणून दिसली नाही, तर चढउतारांच्या काळातले दोन-तीन दशकांचे तुटक दुष्काळ दिसले.

हडप्पा संस्कृतीसाठी मी मॉमलूहपेक्षा धरमजलीकडे पाहीन. ही गुहा उत्तराखंडात पिथोरागडजवळ आहे, म्हणजे सिंधू खोऱ्याच्या पूर्व भागाला कितीतरी जवळ. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अभ्यासात सुमारे ४,२०० ते ३,९७० वर्षांपूर्वीच्या काळात तीन दीर्घ दुष्काळ आढळले, प्रत्येकी २५ ते ९० वर्षांचे. ऑक्सिजनबरोबर इतर खुणाही मोजल्यामुळे मोसमी पाऊस आणि हिवाळी पाऊस दोन्ही घटल्याचे म्हणता आले. गव्हावर जगणाऱ्या शहरांसाठी हिवाळी पावसाची तूट किती जाचक ठरली असेल, हे वेगळे सांगायला नको. मोठी नगरे याच काळात ओसरत गेली आणि लोक लहान वस्त्यांकडे व बाजरीवर्गीय पिकांकडे वळले.

वैनगंगेकाठी

महाराष्ट्रातली अशी एखादी गुहा अजून या चर्चेत आली नाही, ते का हे लिहितो. आपला बहुतेक भूभाग बसाल्टचा आहे. अजिंठा, वेरूळ, कार्ले ही लेणी त्याच कातळात खोदलेली आहेत, आणि बसाल्ट चुनखडीसारखा विरघळून गुहा तयार करत नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे पैनगंगेच्या खोऱ्यात चुनखडीचे जुने थर आहेत, पण ते ठाऊक आहेत ते सिमेंट कारखान्यांमुळे. पश्चिम घाटाच्या बाजूने सर्वांत जवळचा नमुना उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या अकलगवी गुहेचा. अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेचे यादव, रेंगस्वामी रमेश आणि त्यांच्यासोबत पंत यांनी त्यावरून ३३१ वर्षांची नोंद २००४ मध्ये प्रसिद्ध केली.

महाराष्ट्राची आपली नोंद म्हणजे लोणारचे सरोवर. बसाल्टमधल्या त्या विवराच्या तळाशी साचलेल्या गाळात, पाणी फार आटले की गेल्युसाइट नावाचे खनिज तयार होते. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ४,६०० ते ३,९०० आणि २,००० ते ६०० वर्षांपूर्वी असे दोन प्रदीर्घ कोरडे काळ तिथे दिसतात. पहिला काळ मेघालयी सीमेशी जुळतो. दुसरा मात्र १३५० च्या सुमारास संपतो, आणि दंडकच्या आलेखानुसार नेमके तेव्हा दुष्काळ सुरू होतात. हे दोन्ही एकाच वेळी खरे कसे असेल?

पर्जन्यमापी

फार चांगला पेच मांडलात. तो आज पूर्ण सुटेल असे मला वाटत नाही, पण तो कुठे अडला आहे हे सांगता येईल. लोणारच्या गाळाची वये कार्बन-१४ वर आधारलेली आहेत, आणि सरोवरातल्या पाण्यातून जुना कार्बन मिसळण्याची शक्यता असते. त्यामुळे सीमेचे वर्ष काही दशके मागेपुढे होऊ शकते. दुसरे, सरोवराची पातळी पाऊस आणि बाष्पीभवन यांच्या शतकांच्या हिशेबावर चालते. एकंदरीत ओलसर होत चाललेल्या शतकातही दहा-वीस वर्षांचे दुष्काळ येऊ शकतात, आणि ते लोणारला न दिसता दंडकला दिसू शकतात.

याचा निकाल लावायचा तर इ. स. १३०० ते १५०० या दोनशे वर्षांसाठी कांगेर खोऱ्यातल्या दुसऱ्या गुहेतला स्वतंत्र स्तंभ हवा, त्यावर दर वीस-पंचवीस वर्षांना एक थोरियमची तारीख हवी, आणि दोन्ही स्तंभांत तेच चढउतार त्याच वर्षी यायला हवेत. हेंडी यांनी १९७१ मध्ये सुचवलेली कसोटी, म्हणजे एकाच थरात मध्यापासून कडेपर्यंत ऑक्सिजन सारखा असणे, उपयोगी आहे. पण दोन गुहांचे आलेख जुळणे ही त्याहून कडक परीक्षा आहे, कारण बाष्पीभवनाने किंवा गुहेतल्या वाऱ्याने झालेली विकृती दोन वेगळ्या गुहांत एकसारखी येत नाही. समस्थानिक, त्या दोनशे वर्षांच्या दोन सेंटिमीटर लांबीच्या भागावर अशा दहा तारखा घ्यायच्या झाल्या तर स्तंभ पुरतो का, हे तुम्ही सांगू शकाल.

समस्थानिक

युरेनियम किती आहे त्यावर ते ठरते. मुबलक असेल तर एका तारखेला काही दहा-वीस मिलिग्रॅम भुकटी पुरते, आणि दोन सेंटिमीटरांत दहा तारखा सहज बसतात. युरेनियम कमी आणि माती जास्त असेल, तर भुकटी शेकडो मिलिग्रॅम लागते, एकेका तारखेत अनेक वर्षांचे थर एकत्र येतात आणि सहाशे वर्षांच्या वयावर पन्नास वर्षांची अनिश्चितताही उरू शकते. तेवढ्या अनिश्चिततेत दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ चा की १३५० चा, हे ठरवता येणार नाही. त्यामुळे स्तंभ निवडतानाच आधी दोन-तीन ठिकाणी युरेनियम मोजून पाहावे, आणि स्वच्छ, पारदर्शक थरांचा स्तंभ मिळेपर्यंत करवत लावू नये. तोडायचाही नसतो. गुहेत आधीच मोडून पडलेले तुकडे असतात, त्यांतूनच निवड करावी.